घरची दारं बंद होती, म्हणून फ्रान्स गाठलं : वैमानिक बेसी कोलमन

बारावी सायन्सचा निकाल लागतो, घरातला मुलगा किंवा मुलगी पायलट व्हायचंय असं सांगते आणि पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. ट्रेनिंग इथेच करायचं की बाहेर पाठवायचं? मग आखाती देशात नोकरीला असलेले मामू फोनवरून सल्ला देतात. कुणी एजंटचं कार्ड आणून देतं. कुणी म्हणतं तिकडे लवकर होतं, कुणी म्हणतं इकडे स्वस्त पडतं. अब्बा गप्प बसून आकडेमोड करत राहतात आणि अम्मीला काळजी लागते की लेकरू एवढ्या लांब एकटं कसं राहील.

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात, पुरुषांच्या केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखं साफ करून देणाऱ्या एका तरुणीसमोरही तो उभा होता. तिच्या गाठीला पैसा नव्हता आणि पाठीशी मोठं घराणं नव्हतं. स्वतःच्या देशातल्या विमान शाळांची दारं तर तिला बंदच होती. तिचं नाव बेसी कोलमन. वैमानिकाचा परवाना मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. तिला तो परवाना मिळाला फ्रान्समध्ये. ती तिथे का गेली, कशी गेली आणि परत आल्यावर त्या परवान्याचं काय झालं, हे जाणून घेतलं तर आपल्या घरातल्या चर्चेलाही थोडी दिशा मिळेल.

कापसाच्या शेतातलं बालपण

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सास राज्यातल्या अटलांटा नावाच्या एका लहान गावात झाला. जॉर्जियातलं प्रसिद्ध अटलांटा शहर ते वेगळं. आईवडिलांची १३ मुलं, त्यांत बेसीचा नंबर दहावा. ती दोन वर्षांची असताना कुटुंब वॅक्सहॅची या कापूस पिकवणाऱ्या गावात राहायला गेलं. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा तीसएक वर्षं झाली होती. पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाची शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा आणि पाणी प्यायची जागाही वेगळी. मतदानाचा हक्क कागदावर असला तरी मतपेटीपर्यंत पोहोचू दिलं जात नव्हतं.

वडील जॉर्ज यांच्या अंगात आफ्रिकन रक्ताबरोबर तिथल्या मूळनिवासी जमातीचंही रक्त होतं. रोजच्या अपमानाला कंटाळून १९०१ मध्ये ते ओक्लाहोमाच्या भागात निघून गेले. तिकडे मूळनिवासी म्हणून थोडं बरं जगता येईल अशी त्यांना आशा होती. आई सुसान मात्र गेली नाही. ती गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकपाणी आणि घरकाम करून मुलांना वाढवू लागली.

बेसीची शाळा घरापासून चार मैलांवर, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. पायी जायचं, पायी यायचं. सगळे वर्ग एकाच खोलीत. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळाच बंद, कारण मुलंही शेतात लागायची. अशा शाळेत शिकूनही बेसीचं गणित उत्तम होतं. आई शिकलेली नव्हती, पण तालमीची किंमत तिला कळत होती. पुढे बेसी लोकांचे कपडे धुऊन देऊ लागली, तेव्हा त्यातले पैसे घरखर्चात न ओढता आईने तिला शिक्षणासाठी साठवू दिले. त्या गरिबीत ही साधी गोष्ट नव्हती.

साठवलेल्या पैशांवर बेसी १९१० मध्ये ओक्लाहोमातल्या लँगस्टन इथल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात दाखल झाली. एक सत्र पार पडलं आणि पैसे संपले. परत वॅक्सहॅची, परत लोकांचे कपडे. पैशाअभावी शिक्षण अर्ध्यावर सुटणं काय असतं, ते तिला अठराव्या वर्षीच कळलं. पुढे तिने जो मोठा निर्णय घेतला, त्यात हा अनुभव तिच्या कामी आला असणार. कारण त्या वेळी आधी पैशाची सोय आणि मग प्रवास, असाच तिचा क्रम राहिला.

भावाचा टोमणा

१९१५ च्या सुमारास बेसी शिकागोला आली. तिचे दोन थोरले भाऊ तिथे आधीच पोहोचले होते. दक्षिणेतला जाच आणि गरिबी मागे टाकून हजारो काळी कुटुंबं त्या काळात उत्तरेकडच्या शहरांत येत होती. कपडे धुण्याचं आणि धुणीभांड्यांचं काम आता करायचं नाही, असं बेसीने ठरवलं. ती नखं कापून, घासून चमकवण्याचं काम शिकली आणि व्हाइट सॉक्स नावाच्या केशकर्तनालयात बसू लागली. दुकानात पुरुष गिऱ्हाइकं येत, गप्पा मारत. पहिलं महायुद्ध संपल्यावर या गप्पांमध्ये लढाईचे आणि विमानांचे किस्से येऊ लागले.

तिचे भाऊही सैन्यात भरती होऊन फ्रान्समध्ये राहून आले होते. त्यातला जॉन थट्टेखोर. फ्रान्समधल्या बायका विमानं चालवतात, तुम्ही काळ्या बायका काय चालवणार, अशा अर्थाचा टोमणा त्याने दुकानात सगळ्यांसमोर मारला. बहुतेक जणी असं बोलणं हसण्यावारी नेतात. बेसीने ते मनावर घेतलं. विमानाचं वेड तिला आधीच लागत चाललं होतं. आता तिने पक्कं केलं की आपण शिकायचं.

सुरुवात तिने घरूनच केली, हे लक्षात ठेवायला हवं. तिच्या डोक्यात आधी परदेश नव्हता. तिने अमेरिकेतल्या विमान शाळांकडे विचारणा केली. उत्तर सगळीकडून एकच आलं : नाही. एक तर ती स्त्री, त्यात काळी. गोऱ्या स्त्रियांना थोडीफार वाट होती, कारण अमेरिकेत १९११ पासून स्त्रियांना परवाने मिळू लागले होते. काळ्या पुरुषांनाही शिकवायला कुणी तयार नव्हतं. जॉर्जियात जन्मलेला युजीन बुलार्ड हा काळा वैमानिक पहिल्या महायुद्धात लढला, पण तो फ्रान्सच्या बाजूने आणि फ्रान्समध्येच शिकून. त्याच्या स्वतःच्या देशाच्या हवाई दलाने त्याला घेतलं नाही.

योग्य सल्ला, योग्य तयारी

अशा वेळी माणूस कोणाकडे जातो यावर पुष्कळ काही ठरतं. बेसी गेली रॉबर्ट अ‍ॅबट यांच्याकडे. शिकागो डिफेंडर हे काळ्या समाजाचं मोठं साप्ताहिक त्यांनी १९०५ मध्ये सुरू केलं होतं आणि ते देशभर वाचलं जात होतं. अ‍ॅबट यांनी तिला स्पष्ट सांगितलं की इथे वेळ घालवू नकोस. फ्रान्समध्ये वंशाचा अडसर कमी आहे आणि विमानविद्येत तो देश पुढे आहे. आधी फ्रेंच भाषा शीक, पैसे साठव आणि तिकडे जा.

बेसीने सल्ला जशाच्या तसा अमलात आणला. शिकागोतल्या भाषा शिकवणाऱ्या शाळेत जाऊन ती फ्रेंच शिकू लागली. जास्त पगार मिळावा म्हणून तिने एक खानावळ सांभाळायचं काम धरलं. अ‍ॅबट यांनी मदत केली. जेसी बिंगा या काळ्या समाजातल्या बँकमालकानेही हातभार लावल्याचं सांगितलं जातं. मदत मिळाली ती समाजातूनच. पण ती मिळाली कारण आधी तिने स्वतः मेहनत करून दाखवली होती. रिकाम्या हाताने आणि नुसतं स्वप्न घेऊन ती कुणाच्या दारात उभी राहिली नाही.

२० नोव्हेंबर १९२० रोजी बेसी न्यूयॉर्कहून जहाजाने फ्रान्सला निघाली. वय २८ वर्षं. सोबत घरचं कुणीही नव्हतं.

ल क्रोतुआची शाळा

फ्रान्सच्या उत्तरेला, सोम नदी समुद्राला मिळते तिथे ल क्रोतुआ नावाचं गाव आहे. विमानं बनवणाऱ्या कोद्रों बंधूंची वैमानिक शाळा तिथे होती. शाळा नामांकित. बेसीला प्रवेश मिळाला.

तिथलं शिक्षण आजच्यासारखं नव्हतं. शिकायचं ते निओपोर्ट बनावटीच्या दोन पंखी विमानावर. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि पंखांना धरून ठेवणाऱ्या तारा. डोक्यावर छप्पर नाही. ब्रेक नाही. उतरल्यावर शेपटीखालचा दांडा जमिनीवर घासत जाईल तेव्हा विमान थांबणार. दिशा वळवायला हातात एक जाड दांडा आणि पायाखाली एक आडवी पट्टी. गुरू आणि शिष्य एकामागे एक बसत. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे. त्यामुळे गुरूच्या हालचालीकडे बघत आपल्या हातातला दांडा कसा हलतो ते समजून घ्यायचं. दर उड्डाणाआधी तारा, पंख, चाकं स्वतः तपासायची, कारण हवेत काही तुटलं तर दुसरा उपाय नव्हता.

शिकत असताना एका सहविद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू तिने डोळ्यांनी पाहिला. मनाला जबर धक्का बसला, पण तिने शिक्षण सोडलं नाही.

सुमारे सात महिन्यांत तिने अभ्यासक्रम पूर्ण केला. परीक्षेत आकाशात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणं घ्यायची होती आणि ठरवून दिलेल्या जागेच्या जवळच विमान उतरवून दाखवायचं होतं. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघाचा परवाना मिळाला. हा परवाना एका देशापुरता नव्हता, बाहेरही मानला जाणारा होता. काळ्या समाजातल्या अमेरिकन स्त्रीला मिळालेला हा पहिलाच परवाना. मूळनिवासी वंशाच्या अमेरिकन स्त्रीलाही तो पहिलाच. गंमत म्हणजे परवान्यावर तिचं जन्मवर्ष १८९६ असं आहे. वय चार वर्षांनी कमी सांगायचा मोह तिलाही आवरला नव्हता!

परवाना हातात, पण काम कुठे?

सप्टेंबर १९२१ मध्ये बेसी न्यूयॉर्कला उतरली तेव्हा वार्ताहर तिला भेटायला आले. काळ्या समाजाच्या वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. पण कौतुकाने पोट भरत नाही. परवाना तर आला, पुढे काय?

प्रवासी विमानसेवा तेव्हा नावालाही धड सुरू झालेली नव्हती. टपाल नेणारी विमानं होती, पण ते काम काळ्या स्त्रीला मिळण्याची शक्यता शून्य. वैमानिकाला कमाईचा एकच रस्ता दिसत होता, तो म्हणजे जत्रेत किंवा मैदानावर लोकांसमोर हवाई कसरती करून दाखवणं. विमानाच्या कोलांट्या, गिरक्या, जमिनीला टेकेल असं वाटावं इतकं खाली येऊन परत वर जाणं. लोक तिकीट काढून बघायला यायचे. पण ल क्रोतुआला शिकलेलं विमान चालवणं वेगळं आणि या कसरती वेगळ्या. म्हणजे तिला पुन्हा शिकणं भाग होतं. शिकागोत तिने पुन्हा विचारून पाहिलं. पुन्हा नकार. फ्रान्सचा परवाना खिशात असूनही मायदेशात तिला शिकवायला कुणी तयार झालं नाही.

परदेशी शिक्षणाचा जो भाग जाहिरातीत कधीच येत नाही, तो बेसीच्या वाट्याला आला. परवाना एका ठिकाणी मिळतो, पोट दुसऱ्या ठिकाणी भरायचं असतं आणि या दोहोंमधलं अंतर भरून काढायला पुन्हा पैसा आणि वेळ लागतो. तक्रार करत बसण्याऐवजी तिने तेही अंतर पार केलं. फेब्रुवारी १९२२ मध्ये ती दुसऱ्यांदा युरोपला गेली. फ्रान्समध्ये दोन महिने पुढचं शिक्षण घेतलं. मग नेदरलँड्समध्ये जाऊन विमान बनवणारे प्रसिद्ध तंत्रज्ञ अँथनी फोकर यांना भेटली. तिथून जर्मनीत फोकर कंपनीच्या वैमानिकाच्या हाताखाली तिने सराव केला. ऑगस्टमध्ये परतली ती कसरती करायला तयार होऊनच.

३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कर्टिस मैदानात तिचा अमेरिकेतला पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पहिल्या महायुद्धात नाव कमावलेल्या काळ्या सैनिकांच्या ३६९ व्या पलटणीच्या सन्मानार्थ तो होता आणि त्यामागे अ‍ॅबट यांचं साप्ताहिक उभं होतं. सुमारे सहा आठवड्यांनी ती शिकागोत उडाली. जिथे तिला शिकायला जागा मिळाली नव्हती, त्याच शहराच्या आकाशात तिने वळणं घेतली. खाली तिची आई आणि भावंडं होती.

तिच्या अटी

नाव झालं तसे चित्रपटवालेही आले. काळ्या समाजासाठी चित्रपट काढणाऱ्या एका कंपनीने तिला प्रमुख भूमिका दिली. स्वतःच्या शाळेसाठी पैसे मिळतील म्हणून तिने होकार दिला. पण पहिल्याच दृश्यात फाटके कपडे, हातात काठी आणि पाठीवर गाठोडं असं गावंढळ रूप तिला करायला सांगितलं, तेव्हा ती निघून आली. काळ्या माणसाला पडद्यावर बावळट दाखवायची रीत तेव्हा सर्रास होती. आपण त्यात भर घालायची नाही, हे तिने ठरवलं. पैसे गेले, काही लोक नाराज झाले, पण तिने माघार घेतली नाही.

फेब्रुवारी १९२३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ मोठा अपघात झाला. सैन्याने काढून टाकलेलं एक जुनं विमान तिने विकत घेतलं होतं. उड्डाण करून थोडी वर जाते न जाते तोच इंजिन बंद पडलं आणि विमान कोसळलं. पाय मोडला, बरगड्या मोडल्या. कार्यक्रम बुडाला, विमान गेलं, जमवलेले पैसे गेले. दवाखान्यातूनच तिने तारेने कळवलं की चालता येऊ लागताच मी पुन्हा उडणार आहे. पण पुन्हा उभं राहायला तिला बराच काळ लागला.

१९२५ मध्ये ती टेक्सासला आली आणि ह्यूस्टनमध्ये राहून कार्यक्रम करू लागली. १९ जूनला, म्हणजे टेक्सासमधल्या गुलामांना स्वातंत्र्याची बातमी कळली त्या दिवसाच्या वर्धापनदिनी, तिने तिथे उड्डाण केलं. मग आपल्या बालपणीच्या वॅक्सहॅची गावात कार्यक्रम ठरला. आयोजकांनी काळ्या आणि गोऱ्या प्रेक्षकांसाठी वेगवेगळी प्रवेशद्वारं ठेवली होती. बेसीने सांगितलं की सगळे एकाच दारातून येणार असतील तरच मी उडेन. आयोजकांना ऐकावं लागलं. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. संपूर्ण जिंकता आलं नाही, पण जेवढं मिळवता आलं तेवढं तिने मिळवलं.

शाळेचं स्वप्न आणि शेवटचं उड्डाण

या सगळ्यामागे एकच हेतू होता. काळ्या मुलामुलींना विमान शिकवणारी शाळा अमेरिकेतच काढायची. आपल्याला जे शिकायला समुद्र ओलांडावा लागला, ते पुढच्या पिढीला आपल्या गावात शिकता यावं. त्यासाठी ती चर्चमध्ये, शाळांमध्ये, नाट्यगृहांत व्याख्यानं देत फिरली आणि आपल्या उड्डाणांच्या फिल्म दाखवत राहिली. फ्लोरिडातल्या ओरलँडोमध्ये तिने पैसा उभा करायला एक ब्युटी पार्लरही काढलं. कसरती हे कमाईचं साधन होतं, शाळा हे ध्येय.

१ मे १९२६ रोजी फ्लोरिडातल्याच जॅक्सनव्हिल शहरात तिचा कार्यक्रम होता. त्यासाठी डॅलसमध्ये एक जुनं कर्टिस विमान घेतलं होतं. तिचा २४ वर्षांचा मेकॅनिक विल्यम विल्स ते उडवत जॅक्सनव्हिलला घेऊन आला. वाटेत बिघाडामुळे त्याला विमान मध्येच उतरवावं लागलं होतं. विमान जुनं आणि थकलेलं आहे हे दिसत होतं, पण नवं घ्यायला पैसे नव्हते.

३० एप्रिलला सकाळी दोघं सरावाला निघाले. विमान विल्स चालवत होता. दुसऱ्या दिवशी पॅराशूट घेऊन उडी मारायची होती, म्हणून बेसीला वरून जमीन नीट पाहायची होती. बाजूला वाकून बघता यावं यासाठी तिने पट्टा बांधला नव्हता. अचानक विमान खाली झेपावलं आणि उलटलं. बेसी बाहेर फेकली गेली आणि जमिनीवर पडून जागीच मरण पावली. विमान कोसळून विल्सही गेला. दुरुस्तीला वापरायचा एक पाना विमान चालवण्याच्या यंत्रणेत अडकल्याचं नंतर आढळलं. बेसी ३४ वर्षांची होती. शाळा निघाली नव्हती.

शिकागोत तिला निरोप द्यायला हजारो लोक आले. काळ्या समाजाच्या नामवंत पत्रकार आणि कार्यकर्त्या आयडा बी. वेल्स यांनी तिथला कार्यक्रम चालवला. लिंकन दफनभूमीत तिला दफन करण्यात आलं.

दार उघडलं, पण नंतर

बेसीची शाळा तिच्या हातून झाली नाही. पण तिच्या नावाने झालं ते थोडं नव्हतं. १९२९ मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये बेसी कोलमन एरो क्लब सुरू केला. काळ्या मुलामुलींना तिथे विमानविद्या शिकता येऊ लागली. शिकागोत कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन या दोघांनी शाळांचे नकार पचवत, झगडून शिक्षण घेतलं आणि इतरांना शिकवलं. त्यांच्याकडे विला ब्राउन ही तरुणी शिकायला आली. १९३८ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. अमेरिकेच्याच भूमीवर शिकून परवाना मिळवणारी ती पहिली काळी स्त्री. बेसीच्या परवान्यानंतर १७ वर्षांनी हे झालं.

कॉफी आणि विला ब्राउन यांनी मिळून शिकागोत शाळा चालवली. दुसऱ्या महायुद्धात ज्यांचं नाव गाजलं त्या टस्कीगीच्या काळ्या वैमानिकांपैकी काही जण याच शाळेतून गेलेले. १९३१ पासून शिकागोतले काळे वैमानिक बेसीच्या कबरीवरून विमान नेऊन फुलं वाहू लागले. १९९२ मध्ये अंतराळात गेलेली पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री, मे जेमिसन, हिने बेसीचा फोटो आपल्याबरोबर नेला. १९९५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने बेसीचं तिकीट काढलं आणि २०२३ मध्ये तिचं चित्र अमेरिकेच्या नाण्यावर आलं. ज्या देशाने शिकवायला नकार दिला, त्याच देशाचं हे नाणं.

आपल्याकडेही गोष्ट फारशी वेगळी नाही. १९२८-२९ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्ता इथे फ्लाइंग क्लब निघाले आणि विमान शिकणं इथल्या माणसाच्या आवाक्यात येऊ लागलं. जे. आर. डी. टाटा यांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईच्याच क्लबमधून परवाना घेतला. लाहोरच्या क्लबमध्ये १९३६ मध्ये सरला ठकराल यांना परवाना मिळाला. उर्दू लेखिका हिजाब इम्तियाज अली याही त्याच दशकात लाहोरलाच विमान शिकल्या. घराजवळ दार उघडलं की त्यातून घरच्या मुलीही आत जातात. बेसीला शाळा काढायची होती ती एवढ्याचसाठी.

आजच्या घरांसाठी

आता आपल्या प्रश्नाकडे. इथे की बाहेर? बेसी बाहेर गेली म्हणून आपणही बाहेरच जावं, असा अर्थ कुणी काढू नये. तिला घरी दार बंद होतं. आपल्या मुलामुलींना ते बंद नाही. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी उड्डाण अकादमी आहे, आपल्या महाराष्ट्रातही प्रशिक्षण संस्था आहेत. त्यामुळे आधी इथली दारं ठोठावून पाहायला काय हरकत आहे? बाहेर जायचं ते इथे न मिळणारं काही तिथे मिळत असेल तर. शेजाऱ्याचा मुलगा गेला, हे काही कारण होत नाही.

दुसरी गोष्ट परवान्याची. बाहेरच्या देशातला व्यावसायिक परवाना घेऊन भारतात विमान चालवता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांच्या परीक्षा देऊन तो इथल्या परवान्यात बदलून घ्यावा लागतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. बाहेरचे तास धरले जातात, पण नियमात बसले तरच. आणि परवाना हातात आला की झालं, असंही नाही. एअरलाइनमध्ये जायचं तर त्या विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च वेगळा. बेसीला दुसऱ्यांदा युरोपला का जावं लागलं ते आठवा. एजंट सांगतो तो खर्च बहुतेक वेळा पहिल्या फेरीचा असतो.

तिसरी गोष्ट तब्येतीची. फी भरायच्या आधी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्या. घर गहाण ठेवल्यावर डोळ्यांचा किंवा कानांचा दोष कळून काय उपयोग?

चौथी गोष्ट सल्ल्याची. बेसीने सल्ला घेतला तो कमिशन खाणाऱ्याकडून नाही. तिला तिकडे पाठवून ज्याला एक पैसाही मिळणार नव्हता, अशा जाणकाराकडून घेतला. आपल्या समाजात आज वैमानिक आहेत, हवाई क्षेत्रातले इंजिनिअर आहेत. त्यांना गाठा, दोन तास बसा, नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. ते बदलत असतात.

आणि शेवटची गोष्ट पैशाची आणि मनाची. लँगस्टनला बेसीचे पैसे एका सत्रात संपले, पण फ्रान्सला जाताना तिने आधी भाषा शिकून घेतली, कामं केली, समाजातल्या लोकांना विश्वासात घेतलं आणि मगच जहाजात पाऊल ठेवलं. शिक्षण संपल्यावर ती परत आली आणि जे शिकली ते आपल्या लोकांच्या मुलांना मिळावं म्हणून आयुष्याची शेवटची वर्षं तिने खर्ची घातली. आपलं लेकरू इथे शिको की बाहेर, त्याच्या मागून येणाऱ्या दोघा-चौघांची वाट सोपी झाली तर घातलेला पैसा खऱ्या अर्थाने कामी आला म्हणायचा.